कोलमात बांधलेलं घर

सेतुमाधवरावांची चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली तेव्हा वेंकट आत होता आणि श्रीहरी बाहेर. धाकटा आतून बाहेर ढकलत होता, थोरला बाहेरून आत ढकलत होता, आणि खुर्चीत बसलेले वडील दोघांनाही सांगत होते की आधी ठरवा, मला आत न्यायचंय की बाहेर. शेवटी दोघांनी एकाच वेळी जोर लावला आणि खुर्ची चौकटीत अशी घट्ट बसली, की जणू सुताराने चौकट तिच्याभोवतीच ठोकली असावी.

अप्पांना उचलून बाहेर काढलं. खुर्ची काही निघेना. वेंकट ओरगडमच्या ट्रक कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. रात्रभर त्याने अख्खे ट्रक जोडून बाहेर पाठवले होते, आणि आता एका खुर्चीच्या पलीकडे टॉवेल गुंडाळून उभा होता. श्रीहरीने खुर्चीवरून इडलीची ताटली आत सरकवली आणि विचारलं, "सांबार तिकडंच वाढू, की येतोस?"

श्रीहरी थोरला, पन्नाशीचा, बँकेत होता; पण त्याचा खरा धंदा म्हणजे लोकांच्या फजितीला हातभार लावणं. आतून वेंकटने जे उत्तर दिलं ते तमिळमध्ये होतं आणि आई जवळच उभी असल्याने अर्धवट होतं.

अखेर सत्यनारायण मेस्त्रीला बोलावलं. त्याने चौकट कापली, खुर्ची आणि वेंकट दोघांना मोकळं केलं आणि जाता जाता सांगून गेला की एकेक दार कापत बसण्यापेक्षा खालच्या मजल्याच्या आतल्या भिंती पाडून नव्याने मांडा. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, कुणी बांधकाम काढत नाही. पोंगल, म्हणजे संक्रांत, झाला की तो मोकळा होता. तोवर घरच्यांनी काय हवं ते ठरवायचं होतं.

ठरवायला घरात सात माणसं होती, आणि घर होतं ट्रिप्लिकेनच्या एका बंद गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत. दोन्हीकडच्या भिंती सामाईक. डावीकडच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून उजवीकडचे आपला गॅस बंद करायचे. रुंदी एवढीच की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं, आणि कुणी जायचं ते वयावरून ठरायचं. लांबी मात्र अशी की पुढच्या दारात मारलेली हाक मागच्या बाथरूमपर्यंत पोचायची तोवर तिची निकड संपलेली असायची. आणि घरातलं एकुलतं एक बाथरूम होतं त्या अगदी मागच्या टोकाला.

अप्पांची सगळी अडचण इथेच होती. आषाढात, म्हणजे आडी महिन्यात, ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खुर्ची आली. पुढच्या खोलीतल्या पलंगापासून त्या टोकापर्यंत जायचं तर दोन मुलगे लागायचे, आणि दोघं घरी नसले की समोरच्या ओळीतले चंद्रमौळी. रेल्वेच्या आरक्षण कचेरीत आयुष्य काढलेला हा माणूस. हजारोंना त्याने खिडकीतून पुढे धाडलं, आणि आता स्वतःला जायचं तर हाका मारत बसायचं. म्हणून त्यांनी एक उपाय शोधला होता. पाणी कमी प्यायचं. पन्नास वर्षं रोज सकाळी दोन कॉफ्या घेणाऱ्या माणसाने दुसरी कॉफी बंद केली.

त्यांच्या बायकोला, तुळसीबाईंना, वाटलं आपली कॉफी बिघडली. त्यांनी पावडरीचं दुकान बदललं, मग दूधवाला बदलला, मग फिल्टर नवा आणला. अप्पा पहिली कॉफी संपवून पेला पालथा घालायचे. तुळसीबाई तो पालथा पेला बघायच्या आणि दिवसभर भांडी जरा जोरात ठेवायच्या.

नकाशा काढायचं काम आलं रेवाकडे. ती वेंकटची बायको, साताऱ्याची, घरांच्या अंतर्गत सजावटीचं शिकलेली आणि एका मोठ्या कंपनीत तेच काम करणारी. लग्नाला दोन वर्षं झाली तरी पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या सासरची तंजावरी मराठी ऐकताना तिला अजून मध्येच थांबावं लागे. तिने प्रत्येकाला काय हवं ते विचारलं. वेंकट माडीवर झोपायचा; त्याला दिवसा अंधार हवा होता, जिन्यातून वर येणारा उजेड नको होता. थोरली जाऊ सहाना अमेरिकेतल्या मुलांना फोनवरून वीणा शिकवायची. तिला शांतता हवी होती. सहानाची मुलगी श्रीरंजनी बारावीत; तिला आतून कडी असलेलं दार हवं होतं, खोली नसली तरी चालेल. श्रीहरीला मधोमध झोपाळा हवा होता. रेवाने त्याला समजावलं की अण्णा, या घरात झोपाळा एका बाजूला गेला की उजवीकडच्यांच्या घरात कॅलेंडर पडेल. तुळसीबाईंना सोवळ्यात स्वयंपाक करता येईल असं ऐसपैस स्वयंपाकघर हवं होतं, आणि देवघर. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, काही नको.

रेवाने न मागता अप्पांची खोली पलंगासकट मधे घेतली आणि तिला लागूनच रुंद दाराचं बाथरूम काढलं. मग नकाशा छापून सगळ्यांसमोर ठेवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याला कळलं नाही तोच अशी मान डोलावतो हे श्रीहरीला ठाऊक होतं. त्याने आईला विचारलं की अम्मा, यात तू कुठं उभी आहेस ते दाखव. तुळसीबाईंनी कागद आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाल्या, "एवढ्या कागदांत मी कशी मावेन म्हणून सांगतेस ग? माझं एक पातेलं मावत नाही."

रेवाच्या तोंडून निघून गेलं की खऱ्या मापाचं काढता आलं तर कळलं असतं, पण एवढा मोठा कागद आणायचा कुठून.

तुळसीबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही मुलगी शिकली कुठं. गेली पंचावन्न वर्षं त्या रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या. मार्गळीत तर मोठं, रस्ता अडवणारं. गल्ली बंद होती, गाडी यायची नाही, आणि गल्लीची रुंदी घराच्या रुंदीहून हात-दोन हातच जास्त भरत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गल्ली झाडली, पाणी मारलं आणि पांढऱ्या पिठाने आपल्या उंबऱ्यापासून थेट गल्लीच्या टोकापर्यंत अख्खं घर काढलं. रेवा टेप घेऊन मागोमाग. उजाडलं तेव्हा गल्लीत घर झोपलेलं होतं आणि बारा घरचे लोक दारात उभे राहून त्यात वाकून बघत होते.

सगळं मापात होतं. एकच गोष्ट नव्हती. घराला एकही दार नव्हतं.

"अम्मा, दारं?" रेवाने विचारलं.

"कोलमाची ओळ तोडूं नये, कन्नू," तुळसीबाई लाडाने म्हणाल्या. "फट राहिली की नको ते आंत येतं."

रेवा म्हणाली, फट राहिली नाही तर हवं तेही आत येणार नाही. तुळसीबाई सरि, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पिठाचा डबा घेऊन आत गेल्या. रेवाने बोटाने बाथरूमच्या दाराएवढी ओळ पुसली. दूध तापवून तुळसीबाई परत आल्या, त्यांना तुटलेली ओळ दिसली, त्यांनी ती जोडून टाकली. दिवसातून चार वेळा ते दार उघडलं आणि चार वेळा बंद झालं.

कोलम रोज पहाटे पाण्याने धुऊन नवं काढायचं असतं. म्हणजे घर रोज पडायचं आणि रोज उठायचं. आणि रोज उठताना ते थोडं बदललेलं असायचं. हे आधी सहानाच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी तिची खोली इतकी आक्रसली की वीणा ठेवली तर शिकवणारी बाहेर बसली असती. स्वयंपाकघर मात्र हातभर पुढे आलेलं. मग ज्याला आपली भिंत सांभाळायची तो पहाटे उठू लागला. सहाना सासूबाईंना गरम कॉफी नेऊन देऊ लागली. वेंकट रात्रपाळीवरून येताना वाटेतून भोपळ्याची फुलं आणायचा, कोलमात ठेवायला, आणि फुलं देता देता आपल्या जिन्याची भिंत जराशी सरकवून घ्यायचा. श्रीरंजनी पाठांतर करायला म्हणून आपल्या चौकोनात खुर्ची टाकून बसली. कडी नसल्याने गल्लीतलं कुत्रंही तिथेच येऊन झोपलं. सगळ्या घरात आपली खोली मनापासून आवडलेला तो एकटाच.

गल्लीनेही घर मान्य करून टाकलं. दूधवाला पुढच्या खोलीतून वाकून येई. कचऱ्याची गाडी ढकलणारी बाई स्वयंपाकघराला वळसा घाले, कारण कोलम कुणी तुडवत नाही. अप्पा रोज सकाळी उंबऱ्यावर, उतारासाठी टाकलेल्या फळीच्या तोंडाशी खुर्चीत बसून हा सगळा कारभार बघत. कुणी विचारलं की काय अप्पा, पसंत आहे का घर, तर म्हणत, "छान आहे. पाहुण्यांना वाट आहे, कुत्र्याला खोली आहे."

बाथरूमची भानगड सुरू झाली ती चंद्रमौळींमुळे. पोस्टातून निवृत्त, भाविक, आणि मुलीचं लग्न जुळत नसल्याने गेलं वर्षभर प्रत्येक गोष्टीत अपशकुन शोधणारा माणूस. एका सकाळी दार उघडून बघतात तर त्यांच्या मुख्य दरवाजासमोर सरकत आलेला बाथरूमचा चौकोन. हे काय म्हणून त्यांनी श्रीहरीला विचारलं.

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण चंद्रमौळींचा चेहरा असा होता की श्रीहरीला राहवलं नाही. तमिळमध्ये, अत्यंत गंभीरपणे, तो म्हणाला, "मामा, तुमच्यापासून काय लपवायचं. ते देवघर आहे. तुमच्याच दारासमोर यावं अशी अम्माची इच्छा."

चंद्रमौळींनी पायातल्या चपला तिथल्या तिथे काढल्या.

दुसऱ्या दिवशी तुळसीबाई घर काढून आत गेल्या आणि पाठोपाठ कोलमातल्या बाथरूमात चंद्रमौळींची समई लागली. मधोमध शेणाच्या गोळ्यावर पिवळंधमक भोपळ्याचं फूल. चंद्रमौळी डोळे मिटून बाथरूमला प्रदक्षिणा घालत होते. मार्गळीत भल्या पहाटे भजन म्हणत फिरणारी मंडळी आली. त्यांना दिवा दिसला, ती थांबली. दोन भजनं बाथरूमसमोर झाली, कापूर ओवाळला, हरभऱ्याचं सुंडल प्रसाद म्हणून वाटलं गेलं. उंबऱ्यावर अप्पा शालीत तोंड खुपसून बसले होते आणि त्यांची खुर्ची आपोआप हलत होती.

श्रीहरीने दोन दिवस मजा लुटली. तिसऱ्या दिवशी तुळसीबाई दिवा लागायच्या वेळी बाहेर आल्या. त्यांनी समई बघितली, फूल बघितलं, हात जोडून उभे असलेले शेजारी बघितले. आत येऊन त्यांनी रेवाला सांगितलं, "तिथं आतां दिवा लागला. दिवा लागल्या जागीं मोरी होणं नाही. देवघर तिथं. बाथरूम होतं तिथंच राहो दे, मागे."

रेवाने वेंकटकडे पाहिलं, वेंकटने श्रीहरीकडे. श्रीहरी कधी नव्हे तो छताकडे बघत होता. खरं सांगावं तर चंद्रमौळींना कळणार की आपण इतके दिवस कशाला नमस्कार केला. मग गल्लीत राहणं कठीण. न सांगावं तर बाथरूम गेलं. सहाना नवऱ्याला हळू आवाजात एवढंच म्हणाली की तुमच्या चेष्टेचं बिल या वेळी अप्पांना आलंय.

पुढच्या खोलीत अप्पांनी सगळं ऐकलं. त्यांनी पेल्यातली उरलेली अर्धी कॉफीही तशीच ठेवली. आता पहिलीही पूर्ण नाही.

रविवारी सत्यनारायण मेस्त्री माप घ्यायला यायचा होता. जमिनीवर जे दिसेल ते मी बांधणार, असं त्याने आधीच सांगितलं होतं. त्याच्या दृष्टीने यात वादाला जागाच नव्हती. त्या पहाटे तुळसीबाईंनी शेवटचं घर काढलं, सगळ्यात सुबक. पुढची खोली, अप्पांची खोली, तिला लागून देवघर, मग वीणेची खोली, अभ्यासाची खोली, ऐसपैस स्वयंपाकघर, आणि पार टोकाला बाथरूम. एकही ओळ तुटलेली नाही.

मेस्त्री टेप सोडून उभा राहिला आणि म्हणाला, घर उत्तम आहे, पण आत कुठून जायचं?

झालं. दारांवरून जुंपली. सहानाला आपल्या खोलीत दार हवं होतं पण त्यातून कुणी जायला नको होतं. वेंकट म्हणाला त्याच्या जिन्याकडे उजेड येईल असं दार नको. श्रीरंजनीने कडीची आठवण दिली. चंद्रमौळी त्यांच्या दारातून म्हणाले, देवाचं दार पूर्वेला घ्या. तुळसीबाई पिठाचा डबा छातीशी धरून सगळ्यांना बजावत होत्या की आज ओळीला हात लावायचा नाही. मेस्त्री टेप गुंडाळायला लागला.

तेवढ्यात रेवाचं लक्ष गेलं. उंबऱ्यावर खुर्ची नव्हती.

अप्पा फळीवरून स्वतःच खाली उतरले होते. गल्ली नुकतीच धुतलेली, चाकं ओली. दोन्ही हातांनी चाकं फिरवत ते पुढच्या खोलीत शिरले, पुढच्या खोलीची भिंत ओलांडून आपल्या खोलीत आले, आपल्या खोलीची भिंत ओलांडून देवघरात. पंचावन्न वर्षांत तुळसीबाईंच्या कोलमावरून कुणी गेलं नव्हतं. देवघरात पोचल्यावर अप्पांनी खुर्ची जागच्या जागी एक पूर्ण गोल फिरवली, समईला धक्का न लावता, आणि घराकडे तोंड करून थांबले. त्यांना दम लागला होता.

"बघ तुळसी," ते म्हणाले, "पोचलों. कुणाला हाक नाही मारली."

तुळसीबाईंच्या तोंडून एवढंच निघालं की तिथं देव आहे.

"देवाला माडीवर चढतां येतं. मला येत नाही." अप्पांनी शालीने कपाळ पुसलं. "आणि तुझी कॉफी बिघडली नव्हती. दुसरी घेतली की पोरांना हाक मारावी लागे. म्हणून सोडली."

तुळसीबाई काही वेळ त्या चाकांच्या खुणांकडे बघत राहिल्या. पांढऱ्या ओळी जिथे जिथे चाकांनी पुसल्या होत्या तिथे बरोबर खुर्चीएवढी वाट पडली होती. मग त्या वाकल्या, चिमटीत पीठ घेतलं आणि तुटलेल्या ओळीच्या टोकापासून चाकाच्या कडेकडेने बोट नेत गेल्या. एका खोलीची ओळ वळली, वाटेच्या काठाने चालली, दुसऱ्या खोलीच्या ओळीला जाऊन मिळाली. पलीकडच्या बाजूनेही तसंच. उठून उभ्या राहिल्या तेव्हा ओळ कुठेही तुटलेली नव्हती, आणि पुढच्या खोलीपासून मधल्या बाथरूमपर्यंत एक सरळ वाट होती.

"आतां माप घे," त्या मेस्त्रीला म्हणाल्या. "चाकाएवढं. वर दोन बोटं जास्त."

चंद्रमौळींनी काळजीने विचारलं, आणि देव? श्रीहरीने तोंड उघडलं. सहानाने त्याच्याकडे पाहिलं. तरीही तो म्हणाला, "देव माडीवर, मामा. पण जागेचं माहात्म्य राहतंच."

पोंगल झाल्यावर खालच्या भिंती पाडल्या. चार महिने सगळे तांबरमला भाड्याच्या घरात राहिले आणि तिथल्या बाथरूमसाठी रांगा लावताना एकमेकांची बरीच चांगली ओळख झाली. वैकासीत, वैशाखाच्या सुमारास, परत आले तेव्हा घर तेवढंच रुंद होतं, पण उंबऱ्यापासून मधल्या दारापर्यंत नजर सरळ जायची. सहानाच्या खोलीला दार होतं, श्रीरंजनीच्या दाराला कडी होती, वेंकटच्या जिन्यावर अंधार होता. झोपाळा श्रीहरीला मिळाला नाही. त्याने मागितलाही नाही.

परतल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी सकाळी चंद्रमौळी आले. नवं धोतर, हातात नारळ, विडा, फुलं आणि हळद लावलेली लग्नपत्रिका. मुलीचं लग्न ठरलं होतं. स्थळ चालून आलं ते त्यांनी प्रदक्षिणा सुरू केल्यापासून बरोबर तिसऱ्या आठवड्यात. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, आणि ती माडीवरच्या देवापुढे नाही, त्या जागीच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चपला बाहेर काढून ते त्या सरळ वाटेने सरळ चालत आले आणि बंद दारासमोर हात जोडून उभे राहिले. दाराजवळ वेंकट खांद्यावर टॉवेल टाकून अर्धा तास ताटकळत होता.

श्रीहरी स्वयंपाकघरातून धावत आला. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि अप्पांच्या आवाजात काहीतरी संथ, संस्कृत.

"अभिषेक चालू आहे का?" चंद्रमौळींनी दबक्या आवाजात विचारलं.

"हो मामा," श्रीहरी म्हणाला. "आताशा बराच वेळ चालतो."

रेवाने पदर तोंडात कोंबला आणि माडीवर पळाली. थोड्या वेळाने दार उघडलं. कुणाच्या मदतीशिवाय, ओल्या केसांचे, कपाळाला ताजं गंध लावलेले अप्पा खुर्चीतून बाहेर आले. चंद्रमौळींनी पत्रिका आणि नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. अप्पांनी नारळाकडे पाहिलं, श्रीहरीकडे पाहिलं, त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि त्यांनी उजवा हात वर करून तोंडभर आशीर्वाद दिला.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तुळसी, दुसरी कॉफी. मामांनाही एक."

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, अगदी हलका. वेंकटने संधी साधली आणि टॉवेल सावरत दाराकडे धाव घेतली. चंद्रमौळींनी त्याचा दंड घट्ट पकडला.

"तंबी," ते म्हणाले, "चपला काढून जा."